चिठ्ठी दिसली नाही गं!

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, मतदान कधी चुकवलेलं नाही. ११ फेब्रुवारी २०२५ ला रायपूर महापालिकेचं मतदान होतं, त्या दिवशीही सकाळचा चहा झाल्याबरोबर इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत मतदार कार्ड टाकून त्या दारात उभ्या. महापौरासाठी एक आणि नगरसेवकासाठी एक अशी दोन मतं द्यायची होती. मी माझं मत देऊन बाहेर थांबले. आईंना वेळ लागला. रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. शेवटी आतून आवाज आला, "होगे दाई, अब जा!"

दाई मात्र हलेनात. दोनेक मिनिटांनी बाहेर आल्या त्या चेहरा पाडूनच. "चिठ्ठी दिसली नाही गं," म्हणाल्या. "बटण दाबलं, बीप वाजलं, पण चिठ्ठी काही आली नाही. माझं मत गेलं बघ वाया."

त्यांचंही बरोबरच होतं. आम्ही सदर बाजारातले लोक रायपूर दक्षिण विधानसभेचे मतदार. त्या आधीच्या पंधरा महिन्यांत आम्ही तीनदा मतदान केलं होतं: १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेसाठी, ७ मे २०२४ ला लोकसभेसाठी, आणि आमचे आमदार खासदार झाल्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून १३ नोव्हेंबर २०२४ ला पोटनिवडणुकीसाठी. तिन्ही वेळा बटण दाबल्यावर शेजारच्या खोक्यात काचेआड चिठ्ठी दिसली, सात सेकंद थांबली आणि खाली पडली. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१९ च्या महापालिका निवडणुकीत तर छत्तीसगडमध्ये कागदी मतपत्रिका होत्या. शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. म्हणजे एकाच गल्लीतल्या माणसांनी सहा वर्षांच्या आत तीन तऱ्हांनी मतं दिली: कागदावर, चिठ्ठीच्या यंत्रावर, आणि बिनचिठ्ठीच्या यंत्रावर. आईंनी गोंधळू नये तर काय करावं?

घरी येता येता मी त्यांना समजावलं. विधानसभा-लोकसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग. ही दोन वेगळी दुकानं आहेत. चिठ्ठीचं यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, पहिल्या दुकानात सक्तीचं आहे, दुसऱ्यात नाही. तुमचं मत नोंदलं गेलंय, काळजी करू नका. आईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोंदलं गेलं हे तुला कसं माहीत?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय नवा नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला आमच्या पोटनिवडणुकीची मोजणी सेजबहारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चालू होती आणि त्याच दिवशी महाराष्ट्र विधानसभेची. संध्याकाळपर्यंत अकोल्याच्या वहिनी आणि पुण्याचे भाऊजी यांच्यात अशी जुंपली की दिवाळीचा फराळ कुणी कुणाला पाठवला होता तेही बाहेर निघालं. वहिनींचं म्हणणं, सगळी मशीन सेट आहेत. भाऊजींचं म्हणणं, हरलं की मशीन आणि जिंकलं की जनता. पुरावा दोघांकडेही नव्हता, फॉरवर्ड मात्र भरपूर होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुणीतरी मोबाइल घेऊन बसतो आणि दूरवरून निकाल फिरवतो, यावर माझा विश्वास नाही. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्य मतदारसंघात अवघ्या ४८ मतांनी निकाल लागला आणि मोबाइलवरच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं अशी बातमी देशभर पसरली. ओटीपी लागतो तो टपाली मतांच्या संगणक प्रणालीला. ईव्हीएमला ना नेटवर्क ना ओटीपी. ती बातमी छापणाऱ्या वृत्तपत्राला चूक कबूल करावी लागली, पण आमच्या ग्रुपवर कबुली कुणी फॉरवर्ड केली नाही. शिवाय आमच्याच छत्तीसगडचं बघा. २०१८ मध्ये याच पद्धतीच्या यंत्रांवर ९० पैकी ६८ जागा काँग्रेसला मिळाल्या, २०२३ मध्ये ५४ भाजपला. शंका घेणारेही पाळीपाळीने बदलतात. २००९ ची लोकसभा हरल्यावर ईव्हीएमविरुद्ध बोलणाऱ्यांत भाजपची मंडळी पुढे होती.

यंत्राला हातच लावता येत नाही असंही मात्र नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि त्यांच्याबरोबरच्या दोन परदेशी संशोधकांनी मुंबईतून मिळालेल्या एका ईव्हीएमवर प्रयोग करून दाखवला. यंत्र ताब्यात मिळालं तर आतला भाग बदलून आकडे फिरवता येतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे यंत्र चोरीच्या प्रकरणात हरी प्रसादांना अटक झाली. म्हणून तर यंत्र कुठे ठेवलं, कुणी सील केलं, सीलचा नंबर काय, या कंटाळवाण्या गोष्टींना इतकी किंमत आहे.

आमचे हे सदर बाजारात एका सराफाकडे हिशेब सांभाळतात. इथे काट्यावर भांडण होणं म्हणजे दुकानाची अब्रू जाणं. पूर्वी पितळी तराजू होता, आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. त्या काट्याच्या आत काय आहे हे सराफालाही माहीत नसतं आणि गिऱ्हाइकालाही. तरी लोक लाखांचं सोनं त्यावर घेतात. का? एक म्हणजे आकड्याचा पडदा गिऱ्हाइकालाही दिसतो. दुसरं, नापतौलवाल्यांचा दरवर्षीचा शिक्का. तिसरं, कुठलीही बाई बांगडी ठेवण्याआधी म्हणू शकते, "भैया, पहले ज़ीरो दिखाओ." आणि मन मानलं नाही तर तीच बांगडी घेऊन ती समोरच्या दुकानात जाऊन पुन्हा तोलून येते. चांगला सराफ यावर रागावत नाही. रागावला, की बाजारात कुजबुज सुरू होते.

मतदान केंद्रावरही अगदी हेच केलेलं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या एजंटांसमोर यंत्र शून्यावर असल्याचं दाखवतात, मग किमान ५० खोटी मतं टाकून आकडे आणि चिठ्ठ्या जुळवतात, ती मतं पुसतात आणि पुन्हा शून्य दाखवतात. "पहले ज़ीरो दिखाओ" म्हणतात ते हेच. फक्त ते बघायला पहाटे साडेपाचला एजंट हजर असावा लागतो.

आणि गिऱ्हाइकाकडचा पडदा म्हणजे व्हीव्हीपॅट. तो मिळायला फार वर्षं लागली. ईव्हीएम पहिल्यांदा १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर वापरलं. कायद्यात यंत्राची तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं आणि तिथे कागदावर फेरमतदान झालं. मग कायदा बदलला. २००४ पासून अख्खी लोकसभा यंत्रावर. चिठ्ठी आली ती सप्टेंबर २०१३ मध्ये, नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टप्प्याटप्प्याने सगळीकडे आणायला सांगितलं. हा सगळा काळ यंत्र चांगलं होतं की वाईट हे बाजूला ठेवा. आईंसारख्या बाईला आपलं मत दिसत नव्हतं एवढं खरं.

आता चिठ्ठी दिसते, पण मोजतात किती? एका विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या. ८ एप्रिल २०१९ च्या न्यायालयाच्या आदेशाने एकाची पाच झाली. आमच्या रायपूर दक्षिणमध्ये अडीचशेच्या वर केंद्रं आहेत. त्यातली पाच चिठ्ठी टाकून निवडायची, तिथल्या कागदी चिठ्ठ्या मोजायच्या आणि यंत्राशी ताडून बघायच्या. फरक पडला तर कागद खरा धरायचा, असा नियम आहे.

शितावरून भाताची परीक्षा आम्हा छत्तीसगडवाल्यांना कुणी शिकवायला नको. पण भात करणारीला हेही माहीत असतं की वरचं शीत शिजलं म्हणून तळ लागला नाही असं होत नाही. माझा भाचा गणितात बरा आहे. त्याला विचारलं तर त्याने पाच मिनिटांत हिशेब करून दाखवला. २५० केंद्रांपैकी ५० ठिकाणी गडबड असेल, तर पाच केंद्रं तपासून ती सापडण्याची शक्यता तीनात दोन. पण गडबड पाचच केंद्रांवर असेल, तर दहात जेमतेम एक. म्हणजे ही तपासणी मोठी चोरी पकडायला बरी, छोटी पकडायला नाही. मोठ्या फरकाच्या निकालाला छोट्या गडबडीने काही होत नाही, हेही खरं. प्रश्न येतो तो थोडक्यात गेलेल्या जागेवर.

तशी एक जागा आमच्याकडेच आहे. २०२४ ला कांकेर लोकसभेचा निकाल १,८८४ मतांनी लागला. हरलेल्या काँग्रेस उमेदवाराने काही केंद्रांवरची यंत्रं तपासायची मागणी केली. ही सोय अगदी नवी होती. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं इंजिनिअरांकडून तपासून घेता येतील असं म्हटलं. योगायोग असा की त्याच दिवशी कांकेर आणि राजनांदगावमध्ये मतदान चालू होतं. मागणी करणाऱ्यांत एकाच पक्षाचे लोक होते असंही नाही. अहमदनगरमध्ये हरलेले भाजपचे सुजय विखे पाटील यांनीही ४० केंद्रांसाठी अर्ज केला.

तपासणीचा खर्च सुरुवातीला एका यंत्रसंचाला ४० हजार रुपये अधिक जीएसटी. आणि तपासणी म्हणजे काय, तर यंत्रातली जुनी मतं काढून त्यावर नवी खोटी मतं टाकून बघायची! म्हणजे बाई बांगडीचं वजन पुन्हा करा म्हणते आणि दुकानदार बांगडी बाजूला ठेवून दुसरंच वजन तोलून दाखवतो. काटा बरोबर आहे हे कळेल, पण बांगडीचं काय? हा मुद्दा पुन्हा न्यायालयात गेला आणि न्यायालयाने आयोगाला यंत्रातला डेटा पुसू नका, खर्चही कमी करा असं सांगितलं. तारीख होती ११ फेब्रुवारी २०२५. आमच्या आई केंद्रात चिठ्ठीची वाट बघत उभ्या होत्या तोच दिवस.

राजनांदगावची गोष्ट तर आमच्या भागात अजून चहाबरोबर चघळली जाते. माजी मुख्यमंत्री भूपेश बघेल तिथून उभे होते. प्रचाराच्या आधी त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं, ३८४ उमेदवार उभे करा म्हणजे मतदान कागदावर घ्यावं लागेल. कारण एका यंत्राला २४ पेक्षा जास्त बॅलट युनिट जोडता येत नाहीत आणि एकावर १६ बटणं. तेवढे उमेदवार काही आले नाहीत. (२०१९ ला तेलंगणात निजामाबादला हळद पिकवणारे शेतकरी भावासाठी रागावून उभे राहिले आणि उमेदवार १८५ झाले, तरी यंत्रानेच मतदान झालं, एकेका केंद्रावर बारा युनिटं!) पुढे निकालाच्या तोंडावर बघेल यांनी आरोप केला की काही केंद्रांवरच्या यंत्रांचे क्रमांक फॉर्म १७-सी मधल्या क्रमांकांशी जुळत नाहीत. निवडणूक यंत्रणेने तो फेटाळला. आरोप खरा होता की नव्हता ते राहू द्या, पण तो एका कागदावर बोट ठेवून केलेला होता, आणि त्याला कागदानेच उत्तर देता येत होतं. "मशीन सेट आहे" याला कुणी काय उत्तर देणार?

महाराष्ट्रात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विधानसभेच्या निकालात गावात भाजप उमेदवाराला १,००३ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) च्या उत्तम जानकरांना ८४३ मतं दाखवली. गंमत म्हणजे मतदारसंघ जिंकले जानकरच. तरी गावकरी म्हणाले, आमच्या गावात असं होणं शक्य नाही, आम्ही स्वतः कागदावर पुन्हा मतदान घेतो. ३ डिसेंबर २०२४ ची तारीख ठरली. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, गुन्हेही नोंदवले गेले. खरं सांगू? ते मतदान झालं असतं तरी त्यातून काही सिद्ध झालं नसतं. गावात सगळ्यांच्या देखत कोण येतंय, कोण नाही हे दिसत असताना कोण मोकळेपणाने मत देणार? पण पोलिसांच्या गाड्या आल्या आणि ज्यांना शंका नव्हती त्यांनाही शंका आली.

आमच्या अकोल्याच्या वहिनींचा आवडता मुद्दा वेगळा. महाराष्ट्रात त्या दिवशी संध्याकाळी पाचला मतदान ५८.२२ टक्के सांगितलं आणि शेवटी ६६.०५ टक्के. वाढलेली मतं आली कुठून? आयोगाचं उत्तर असं की पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला कच्चा अंदाज असतो आणि मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्यांना चिठ्ठी देऊन त्यांचं मतदान पुढे चालू ठेवतात. हे मला पटण्यासारखं वाटतं. पण हा वाद एका रात्रीत मिटला असता, जर प्रत्येक केंद्राचा १७-सी त्याच रात्री वेबसाइटवर लागला असता. मे २०२४ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात याला नकार दिला. कागदाच्या प्रतींत खोटेपणा होईल म्हणाले. २० डिसेंबर २०२४ ला तर नियम बदलून केंद्रांवरच्या सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांना बघण्यासाठी बंदच केल्या. इथे मला सदर बाजारातला रागावणारा सराफ आठवतो.

जर्मनीत संसदेच्या २००५ च्या निवडणुकीत वापरलेल्या यंत्रांबद्दल तिथल्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला निकाल दिला. यंत्रांत गडबड झाल्याचा पुरावा नव्हता, निवडणूकही रद्द केली नाही. पण न्यायालय म्हणालं, मोजणीचे मुख्य टप्पे साध्या नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासून बघता आले पाहिजेत. ती यंत्रं त्यात बसली नाहीत. आमच्या आई जर्मनीत असत्या तर न्यायाधीशांनी त्यांना खुर्ची दिली असती.

आणि बिनचिठ्ठीच्या यंत्राचं? हरियाणात पानिपतजवळच्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचाची निवडणूक झाली. यंत्रं बिनचिठ्ठीचीच. एका केंद्रावरच्या अधिकाऱ्याने दोन उमेदवारांचे आकडे लिहिताना अदलाबदल केली आणि हरलेला जिंकला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रं दिल्लीला मागवून न्यायालयाच्या आवारात पुन्हा मोजणी झाली: १,०५१ विरुद्ध १,०००. पावणेतीन वर्षांनी सरपंच बदलला. यंत्राने बिचाऱ्याने सगळं नीट जपून ठेवलं होतं. चुकला होता माणसाने लिहिलेला कागद. ही बातमी मी आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे कागद पण बघायला हवा."

तोच कागद म्हणजे १७-सी. मतदान संपलं की अधिकारी 'क्लोज'चं बटण दाबतो, यंत्र एकूण मतं दाखवतं, तो आकडा, यंत्रांचे क्रमांक आणि सीलचे क्रमांक या फॉर्मवर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला सहीची प्रत देतो. मोजणीच्या टेबलावर निकाल बघण्याआधी हाच आकडा जुळवतात. मधल्या दिवसांत यंत्र बदललं किंवा मतं वाढली, तर एजंटाच्या खिशातला कागद ते सांगेल. अट एकच, एजंट शेवटपर्यंत बसलेला हवा.

पोटनिवडणुकीत आमचे हे एका पक्षाचे एजंट म्हणून केंद्रात बसले होते. १३ नोव्हेंबर म्हणजे देवउठनी ग्यारसचा दुसरा दिवस. लग्नसराई उघडलेली, दुकानात गर्दी, आणि केंद्रात शुकशुकाट. त्या निवडणुकीत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. चारच्या सुमारास दुकानातून फोन आला आणि हे उठून गेले. बाकीच्या एजंटांपैकी कोण थांबलं कुणास ठाऊक. २३ तारखेला निकाल लागल्यावर रात्री जेवताना म्हणाले, "आपल्या भागातून एवढी कमी मतं? काहीतरी गडबड आहे."

तेव्हा आम्ही काही बोललो नाही. परवा मात्र मी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवरून त्या निवडणुकीचा फॉर्म २० उतरवून घेतला. त्यात प्रत्येक केंद्राची, प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. भाच्याने प्रिंट काढून आणली. आईंनी चष्मा लावला, आमच्या केंद्राच्या ओळीवर बोट ठेवलं, सगळे आकडे एकदा वरून आणि एकदा खालून बेरीज करून पाहिले, दोन्ही वेळा एकच आले.

"आता तुझा कागद आण," त्या ह्यांना म्हणाल्या, "जुळवून बघू."

हे ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.